सगळ्यांना आवडलेला यादगिरी

मी सत्तावीस वर्षं लहान मुलांच्या तोंडून बोलले. मुलं पडद्यावर आणि आवाज माझा. तेलुगू सिनेमात एखादं सातआठ वर्षांचं पोर आईला हाक मारताना, मार खाताना किंवा गुंडाच्या हाताला चावताना तुम्ही ऐकलं असेल, तर त्या पोराच्या घशात कदाचित हैदराबादच्या मलकपेठची एक मराठी बाई बसलेली होती. पदर कमरेला खोचून आणि बांगड्या काढून पर्समध्ये ठेवून. बांगड्या काढायच्या, कारण माइकला सगळं ऐकू येतं.

लोक विचारतात, मुलाचा आवाज मुलानेच का नाही द्यायचा? शूटिंगच्या जागी जनरेटर घरघरत असतो, कावळे ओरडत असतात, म्हणून तिथला आवाज फक्त खुणेपुरता घेतात. खरा आवाज नंतर बंद खोलीत, पडद्यावरच्या ओठांकडे बघत भरायचा. प, ब, म म्हणताना पडद्यावरचे ओठ मिटतात, तेव्हा आपलेही मिटलेच पाहिजेत. एकच वाक्य दहा वेळा, तितक्याच वेगात, तितक्याच दुःखात म्हणायचं. हे मुलांना जमत नाही, आणि जमू नये असंच मला वाटतं. एका बापाने हट्टाने आपल्याच मुलाला डबिंगला आणलं होतं. पोरगं गोड होतं, पण रडण्याचा प्रसंग आल्यावर ते शांतपणे म्हणालं, "त्या दिवशी रडलो ना एकदा. आता परत कशाला?" त्याचं काही चुकलं नव्हतं. मग मी रडले.

आवाज बारीक करणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. अवघड असतो तो श्वास. मोठं माणूस वाक्य संपवून श्वास घेतं, मूल वाक्याच्या मध्येच कुठेही घेतं. मोठी माणसं रडू आवरत बोलतात, मूल बोलणं आवरत रडतं. हे मला कुणी शिकवलं नाही. आमच्या गल्लीत मुलं भरपूर होती आणि माझे कान रिकामे होते.

आमचं घराणं मूळ बीदरकडचं, शेतीवाडीचं. वडील निजामाच्या अखेरच्या दिवसांत हैदराबादेत आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दारात दख्खनी, शाळेत तेलुगू. पुण्याची माणसं माझ्या "नक्को"ला हसतात, पण या तीन भाषांनीच माझं पोट भरलं. नवरा सिकंदराबादला रेल्वेच्या कचेरीत. त्याला माझं काम आवडे, फक्त घरी मी मुलाच्या आवाजात सराव करू लागले की तो म्हणे, "आधी हे पोर झोपव, मग मला चहा दे."

आता ज्या कामाविषयी लिहायचं ठरवून बसले आहे, त्याकडे येते. नव्वदीच्या सुरुवातीला वेणू सर नावाच्या एका तरुण दिग्दर्शकाने मुलांसाठी सिनेमा केला. सिनेमाचं नाव लिहीत नाही, ज्यांना आठवेल त्यांना आठवेल. नायक यादगिरी, तेलंगणातल्या एका खेड्यातला नऊ वर्षांचा मुलगा. लाडाचं नाव यादी. मराठी माणसाला हसू येईल, मलाही आलं होतं. यादी अडखळत बोलतो. त्याची म्हैस हरवते आणि तो तिला शोधायला गावोगाव चालत जातो, एवढीच गोष्ट. पण वाटेत भेटेल त्याला विचारावं लागतं, "माझी म्हैस पाहिलीत का?" आणि ते विचारायलाच यादीला वेळ लागतो. कुणी थांबतं, कुणी पुढे निघून जातं. एक म्हातारी तर त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत शेंगा सोलत बसते. शेवटी म्हैस दिसते, तो तिला हाक मारतो, तीही अडखळतच, आणि म्हैस मान वळवते. संपला सिनेमा.

ते अडखळणं मी कसं करणार, हा प्रश्न होता. सिनेमातला विनोदी नट करतो तसं "म म म" करणं मला नको होतं. माझे बाबूमामा अडखळत बोलत. धान्य घेऊन ते अफझलगंजला यायचे तेव्हा मुक्काम आमच्याकडे असे. यादीचं काम आलं तेव्हा मी आठ दिवस मामांच्या मागे मागे फिरले. तेव्हा कळलं की अडखळणं म्हणजे अक्षर पुन्हा पुन्हा येणं एवढंच नव्हे. पुष्कळदा काहीच येत नाही. ओठ तयार असतात, छातीत श्वास असतो आणि मध्ये कुणीतरी दार लावून घेतलेलं असतं. मामा त्या दाराला वळसा घालत. "साखर" अडली की "गोड" म्हणत, "परवा" अडलं की "दोन दिवसांनी" म्हणत. इतकी वर्षं मला वाटायचं की मामांची बोलण्याची पद्धतच जरा वेगळी आहे.

त्या सिनेमाचं डबिंग दोन दिवसांचं होतं, ते नऊ दिवस चाललं. पडद्यावरचं पोरगं जिथे अडलं तिथेच, तेवढाच वेळ मला अडायचं होतं. काचेपलीकडे रेकॉर्डिंगला जब्बारभाई होते. पाचव्या दिवशी ते हेडफोन काढून म्हणाले, "आपा, ये बच्चा नै अटक रा, अपन सब अटके वे हैं." पण कंटाळलं कुणीच नाही. वेणू सर माझ्या मागे भिंतीला टेकून उभे असत. एकेक जागा जमली की हळूच म्हणत, "बागुंदी, अक्का." छान झालं.

तो सिनेमा थिएटरात चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी तिथे हाणामारीचा सिनेमा लागला. पुढे कधीतरी दुपारी टीव्हीवर दाखवला, तेवढंच.

सातेक वर्षांनी वेणू सरांचा फोन आला. "अक्का, यादी परत येतोय." मला इतका आनंद झाला की मी गॅसवरचं दूध विसरले. एव्हाना शहर ओळखू येईनासं झालं होतं. केबलवर दिवसभर परदेशी कार्टून आणि त्यांची डबिंगं, त्यामुळे आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. स्टुडिओत संगणक आला होता. पुण्यामुंबईची शिकलेली मुलं इथे नोकऱ्यांना येऊ लागली होती. वेणू सरांनाही बिस्किटाच्या एका कंपनीचा आधार मिळाला होता.

दुसऱ्या भागात यादी शहरातल्या इंग्रजी शाळेत येतो. मुलं चिडवतात. एक बाई त्याला सांगतात की मनात आणलं तर काहीही अशक्य नाही. तो टेकडीवर जाऊन सराव करतो, सूर्य उगवतो, गाणं होतं. शेवटी वक्तृत्व स्पर्धेत तो स्टेजवर उभा राहतो आणि अडतो. सभागृहात एक मुलगी टाळ्या वाजवू लागते, मग दुसरी, मग सगळं सभागृह. त्या टाळ्यांच्या जोरावर यादीची जीभ सुटते आणि तो चार मिनिटांचं भाषण एकदाही न अडखळता करतो.

डबिंग दीड दिवसात झालं. शेवटचं भाषण मी एका दमात दिलं. खोलीतले सगळे उभे राहिले. वेणू सरांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी पाणी प्यायले, पदर सारखा केला आणि बघते तर माझ्या मनात काहीच हललं नव्हतं. जत्रेतला साखरेचा कापूस खाल्ल्यावर होतं तसं. तोंड गोड आणि पोटात काही नाही.

मी विचारलं, "सर, याचं अडखळणं नेमकं कधी थांबलं?"

"इंटरव्हलनंतर. टेकडीवर."

"पण कसं?"

ते हसले. "अक्का, मुलांना आशा हवी असते."

मी पुढे बोलले नाही. पुढच्या आठवड्याचं काम ठरायचं होतं, जब्बारभाई माइक आवरत होते, आणि दिग्दर्शकाला गोष्ट शिकवणं हे आवाज देणाऱ्या बाईचं काम नव्हे, असं मी स्वतःला सांगितलं. ते मी आजही मधूनमधून स्वतःला सांगते.

सिकंदराबादच्या थिएटरात पहिला खेळ झाला तेव्हा लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. शेजारच्या बाई मला मिठी मारून रडल्या. वर्तमानपत्रांनी लिहिलं की प्रत्येक आईबापाने मुलांना दाखवावा. सरकारने कर माफ केला, शाळांनी रांगा लावून मुलं नेली, पारितोषिकं आली. एकाही ठिकाणी विरुद्ध शब्द नव्हता. अशा वेळी माणूस स्वतःवरच संशय घेतो. मला वाटलं, माझं वय झालं. वाटलं, पहिल्याच्या वेळी कष्ट झाले म्हणून तो मला थोर वाटतो, बाळंतपणाच्या कळांसारखं. मत्सरही तपासून पाहिला. पहिल्याला कुणी विचारलं नाही आणि याला डोक्यावर घेतात, म्हणून तर मला टोचत नाही ना? थोडं टोचतही होतं. पण ते काढून टाकलं तरी खाली काहीतरी उरत होतं, आणि ते काय आहे हे मला सांगता येत नव्हतं.

नवरा म्हणाला, "तुझं काम तर चांगलं झालंय की."

"चांगलं झालंय. तेच तर."

"म्हणजे काय?"

"माहीत नाही," मी म्हणाले, आणि खरंच माहीत नव्हतं.

ते मला कळलं सायलीमुळे. आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याहून आलेलं एक कुटुंब राहत होतं. पराग एका सॉफ्टवेअर कंपनीत, त्याची बायको मीनल बँकेत, आणि मुलगी सायली, आठ वर्षांची. सायली अडखळत बोलत असे. स्वतःचं नाव सांगताना सगळ्यात जास्त, कारण त्याला वळसा घालता येत नाही. तिने टीव्हीवर पहिला यादी पाहिला होता आणि तो आवाज माझा आहे हे कळल्यापासून ती शाळेतून आली की दप्तरासकट माझ्याकडे यायची. मी यादीच्या आवाजात बोलायची, ती स्वतःच्या. "म्हैस आता कुठे आहे?" "तळ्यावर." "ती काय खाते?" अशा गप्पा तासभर चालत. दोघंही अडखळत असल्यामुळे कुणालाच घाई नसे.

दुसरा भाग लागला आणि परागने तिला दोनदा नेलं. दुसऱ्यांदा पाहून आले त्याच संध्याकाळी तो तिच्यासह खाली आला. त्याचा चेहरा उजळलेला होता.

"काकू, काय सिनेमा आहे! मी ठरवलंय. गणपतीत आपल्या मंडळाची वक्तृत्व स्पर्धा आहे ना? सायली यादीचं ते भाषण करणार. मी मराठीत करून देतो. तयारी तुम्ही करून घ्या. आवाजच तुमचा आहे!"

मी सायलीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणते याची वाट बघत.

मी म्हटलं, "करू की."

बारा दिवस रोज दुपारी आम्ही तयारी केली. गंमत म्हणजे माझ्याबरोबर म्हणताना सायली अडत नसे. मी यादीचा आवाज लावायचा, तिने माझ्या आवाजात आवाज मिसळायचा, आणि भाषण सरळ पार व्हायचं. पराग दारात उभा राहून ऐके आणि खूश होऊन जिना चढे. पण मी थांबले की तीही थांबत असे. हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. कानांचं काम करणारी बाई मी, मला दिसलं नाही असं कसं म्हणू? मी मनाशी म्हटलं, स्टेजवर गेल्यावर होईल. म्हणजे मीदेखील त्या सिनेमावर विश्वास ठेवला, जो मला पटला नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी मंडळाचा हॉल भरला होता. सायलीला नवा निळा फ्रॉक होता. तिचं नाव पुकारलं, ती स्टेजवर गेली, नमस्कार केला. पहिलं वाक्य होतं, "मी आज घाबरणार नाही." तिचे ओठ "मी"साठी मिटले आणि मिटलेलेच राहिले.

मग मागच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली.

सिनेमा सगळ्यांनी पाहिलेला होता. दुसरी टाळी, तिसरी, आणि बघता बघता सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. वाईट हेतू एकाचाही नव्हता. काही बायकांच्या डोळ्यांत पाणी होतं. आता हिची जीभ सुटणार, हे त्यांना ठाऊकच होतं. पराग उभा राहून टाळ्या वाजवत होता. टाळ्या जितक्या वाढत गेल्या तितके सायलीचे ओठ पांढरे होत गेले. तिचे डोळे माझ्यावर होते. मी तिच्याबरोबर म्हणावं म्हणून ती थांबली होती का, ते मला माहीत नाही. मी बाजूच्या भिंतीशी उभी होते. मी म्हटलं नाही.

टाळ्या हळूहळू विरल्या. सायली स्टेजच्या पायऱ्या एकेक करत उतरली, वडिलांच्या समोरून गेली, माझ्या समोरून गेली, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि फाटकापाशी जाऊन उभी राहिली. सूत्रसंचालकाने पुढचं नाव पुकारलं.

तीन आठवडे ती खाली आली नाही. जिन्यात भेटली तर भिंतीकडे बघत जायची. शेवटी मीच वर गेले. ती खिडकीत बसून चित्राच्या वहीत रंग भरत होती. मी जवळ बसले आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "यादी विचारत होता तुला."

तिने मान वर केली नाही. बराच वेळ लागला, पण ती बोलली. "त्या... त्या सिनेमातला यादी नव्हताच."

"मग कोण होता?"

"ती तू होतीस."

माझ्या सत्तावीस वर्षांच्या कामाचं इतकं खरं परीक्षण दुसऱ्या कुणी केलेलं नाही. पहिल्या भागात मी यादी झाले होते. दुसऱ्या भागात यादीला हाकलून त्याच्या तोंडात एक गुळगुळीत बोलणारी बाई घातली होती, ती मी. सिनेमा वाईट नव्हता, रंगीत होता, गाणी चांगली होती. पण अडखळणारं मूल अडखळायचं थांबेपर्यंत त्याच्यावर टाळ्यांचा मारा करायचा, आणि नाहीच थांबलं तर त्याने मनात आणलं नाही असं समजायचं, हे त्यात होतं. तेच मला स्टुडिओत टोचलं होतं. मला ते शब्दांत सांगता आलं नाही. तिला आलं.

मी तिची माफी मागितली. लहान मुलाची माफी मागायची सवय नसते आपल्याला. मी "तुझं काही चुकलं नाही"पासून सुरुवात केली आणि "तुझ्या बाबांना वाटलं" इथे जाऊन पोचले. ती रंग भरत होती. मग मी नीट म्हणाले, "मला दिसत होतं की तू एकटी म्हणू शकणार नाहीस. तरी मी तयारी करून घेतली. माझं चुकलं." तिने हिरवा खडू ठेवून दिला आणि निळा घेतला. माफ केलं की नाही ते कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर दप्तर माझ्याच सोफ्यावर पडलं.

परागशी बोलणं त्याहून अवघड होतं. मी म्हटलं, तिला आता स्पर्धेत घालू नकोस, या बोलण्यावर काम करणारी शिकलेली माणसं असतात, त्यांच्याकडे ने, आणि घरी तिचं वाक्य तिला पुरं करू दे. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "काकू, माझ्या ऑफिसात पहिली मुलाखत फोनवर होते. पलीकडून तीन सेकंद आवाज आला नाही की आम्ही पुढच्याला फोन लावतो. आम्ही म्हणजे मीच लावतो." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवसापर्यंत मी त्याला हौशी बाप समजत होते. तो घाबरलेला बाप होता.

वेणू सरांकडे मी मुद्दाम वेळ मागून गेले. ऑफिस आता मोठं झालं होतं, भिंतीवर पारितोषिकं. मी सायलीची हकिगत सांगितली. टाळ्यांपाशी आले तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अक्का, डबिंगच्या दिवशी का नाही बोललात?"

"बोलले होते. एकदा."

"विचारलं होतंत. सांगितलं नव्हतंत."

हे खरं होतं. ते पुढे म्हणाले, "पहिला मी मनापासून केला होता. कोण आलं बघायला? थिएटरवाल्याने पाचव्या दिवशी उतरवला. माझा स्वतःचा मुलगा म्हणाला, नाना, याचं बोलणं लवकर संपत नाही. दुसरा गावोगावच्या मुलांनी पाहिला. त्यांतल्या दहा जणांनी घरी जाऊन पहिला मागितला तरी मला पुरे आहे." मग म्हणाले, "त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. नको, सांगू नका. काय सांगणार?"

मी त्यांच्यावर रागावून गेले होते, पण परत येताना तसा राग उरला नव्हता. ते म्हणत होते त्यातलंही बरंच खरं होतं. सायलीने तरी पहिला पाहिला तो टीव्हीवर फुकट, एका दुपारी, दुसरं काही लागलं नव्हतं म्हणून.

वर्षभरात यादीची टीव्ही मालिका आली. त्यात यादी फडाफडा बोलून दर आठवड्याला गावाचा एकेक प्रश्न सोडवणार होता. मला बोलावलं. मी नको म्हटलं. वेणू सरांनी पुन्हा विचारलं नाही आणि त्यांच्याकडचं इतरही काम हळूहळू थांबलं. जब्बारभाई भेटले तेव्हा म्हणाले, "आपा, काइकू छोड़े? नई लड़की का आवाज तो एकदम साफ है." मी म्हटलं, हौ भाई, साफ आहे. मी परदेशी कार्टूनमधली खारी, बदकं आणि अस्वलाची पिल्लं यांना आवाज देत निवृत्तीपर्यंत पोचले. खार अडखळली काय आणि न अडखळली काय, कुणाचं बिघडत नाही.

सायलीला तिच्या आईबापांनी बेगमपेठेतल्या एका बाईंकडे नेलं. तिथे तिला श्वास शिकवला, न घाबरता थांबायला शिकवलं. अडखळणं कमी झालं, गेलं नाही. जाईल असं त्या बाईंनीही कधी म्हटलं नाही.

एक दिवस, ती तेरा वर्षांची असेल तेव्हा, माझ्याकडे गॅस संपला. मी फोनकडे निघाले तर ती म्हणाली, "मी करते." एजन्सीचा नंबर लावला. पलीकडून "हलो, चेप्पंडी," म्हणजे बोला, असं ऐकू आलं. सायलीने हिंदीत सुरुवात केली आणि दुसऱ्याच शब्दाला अडली. माणसाने दोनदा हलो म्हटलं आणि फोन ठेवला. तिने पुन्हा लावला. या वेळी ती "सिलिंडर"पर्यंत पोचली. पुन्हा ठेवला. माझा हात आपोआप पुढे गेला होता. तो मी मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले.

तिसऱ्यांदा तिने आधीच सांगितलं, "मैं... मैं अटक के बोलती हूँ. रखना नक्को."

पलीकडून फोन ठेवला गेला नाही. मग तो माणूस म्हणाला, "अच्छा अम्मा. बोलो."

तिने ग्राहक क्रमांक सांगितला, एकेक आकडा. मग आमचं आडनाव, सूर्यवंशी, त्याला फार वेळ लागला. मग पत्ता. स्वयंपाकघरातलं घड्याळ मला दिसत होतं, पण मी तिकडे बघितलं नाही. शेवटी तिने फोन ठेवला, कपाळावरचा घाम फ्रॉकच्या बाहीला पुसला आणि म्हणाली, "झा... झालं बुक."

सिलिंडर तिसऱ्या दिवशी आला.